भाषणापुरती बंद केलेली भट्टी

१२ मे २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशाला उद्देशून भाषण केलं आणि मोठं आर्थिक पॅकेज जाहीर केलं. ते भाषण नीट ऐकू यावं म्हणून यशवंतपुरातल्या माझ्या भावाच्या कारखान्यातली मिठाची भट्टी बंद करण्यात आली. निर्णय दादाचा होता. भाषण संपलं की ती पुन्हा चालू व्हायची होती.

ही भट्टी म्हणजे जमिनीत बसवलेलं, विटांनी बांधलेलं चौकोनी भांडं. त्यात मीठ असतं. जेवणातलं नव्हे, पण त्याच जातीचे दोन-तीन क्षार. विजेने ते वितळलं की नारिंगी दिसतं आणि पाण्याइतकं पातळ होतं. पोलादाचे पंच, डाय, कटर तारेला टांगून त्यात बुडवायचे, पुरेसे तापले की काढून तेलात थंड करायचे. पोलाद कडक होतं. दादाचा धंदा एवढाच. वस्तू दुसऱ्यांच्या, कडकपणा आमचा, असं तो सांगतो.

वितळलेलं मीठ वीज वाहून नेतं, गोठलेलं नेत नाही. म्हणून भट्टी बंद करायची असेल तर मीठ पातळ असतानाच त्यात एक जाड तारेची कॉइल सोडून ठेवावी लागते. पुन्हा सुरू करताना वीज त्या कॉइलमधून जाते, कॉइल तापते, भोवतीचं मीठ वितळतं आणि मग बाकीचं. कॉइल न टाकता मीठ गोठलं तर हाती दगड उरतो. तो छिन्नीने फोडावा लागतो, आणि फोडताना भांड्याच्या भिंती वाचतीलच असं नाही.

आमच्याकडे कॉइल वर्षातून एकदा लागायची, खंडेनवमीला. इथे, कन्नड मुलखात, तिला आयुधपूजा म्हणतात. त्या दिवशी भट्टी थंड करून तळाचा गाळ काढायचा, यंत्रांना हळदकुंकू लावायचं, दारात कोहळा फोडायचा. कॉइलचीही पूजा व्हायची आणि झेंडूच्या माळेसकट ती परत भिंतीवर जायची. आदल्या वर्षीच्या आयुधपूजेला भांडं थंड झालं तेव्हा एका भिंतीला उभा तडा दिसला. दादाने तो लेप देऊन बुजवला. भांडं आणखी एकदा थंड झालं तर ती भिंत धरेल याची खात्री नव्हती. असं भांडं बांधणारा गवंडी कोइमतूरचा, आणि मे महिन्यात राज्यांच्या सीमा ओलांडता येत नव्हत्या. भट्टी गोठणं याचा अर्थ कारखाना बंद पडणं, आणि तो कधी उघडेल हे कोणालाही सांगता न येणं.

मी एका वृत्तसंस्थेच्या बिझनेस डेस्कवर काम करत होते. कोरमंगलातलं माझं पीजी मार्चमध्ये रिकामं करून घेतलं, तेव्हा मी बॅग आणि लॅपटॉप घेऊन दादाकडे आले. कारखाना खाली, घर वर. आमचं मूळ गाव निपाणीकडचं. दादा डिप्लोमा करून इथे आला, एका सरकारी कारखान्यात काही वर्षं राहिला आणि नंतर ही शेड घेतली. वहिनी धारवाडची. खाली कडकपणा मोजण्याचं यंत्र तिच्या ताब्यात. तिने मोजून खडूने खूण केल्याशिवाय माल दाराबाहेर जात नसे. गिऱ्हाइकं दादाशी घासाघीस करत, वहिनीशी करत नसत.

चौथा माणूस भट्टीवरचा. विजापूरकडचा, दादाहून वयाने मोठा. सगळे त्याला अण्णा म्हणत, दादाही. तो दादाला धनी, वहिनीला अक्का आणि मला तंगी म्हणे, म्हणजे धाकटी बहीण. त्याचं मराठी आमच्यासारखंच सीमेवरचं, अर्ध्या वाक्यात कन्नड. शेडच्या मागच्या खोलीत तो राहायचा. मेच्या सुरुवातीला मजुरांसाठी गावाकडे मोफत बस सुटल्या. कारखान्यातली बाकीची पोरं गेली. अण्णा स्टँडपर्यंत जाऊन त्यांना बसवून परत आला.

वहिनीने विचारलं, "तुम्ही का नाही गेला?"

"भट्टी कोण बघतंय अक्का? तुमचे धनी? ते फोनवर बोलत बोलत हात घालतील आत."

लॉकडाउनच्या पहिल्या दिवसापासून भट्टी नुसती गरम ठेवलेली होती. सलग चालणाऱ्या प्रक्रियांना परवानगी घेऊन सूट होती. दादाने ती काम करायला नव्हे, मीठ गोठू नये म्हणून मिळवली. वीज सगळ्यात खालच्या टप्प्यावर, भांड्यावर झाकण, आणि दोघांनी पाळीपाळीने लक्ष ठेवायचं. मे उजाडला तेव्हा कारखाने उघडायला परवानगी मिळाली होती, पण काम नव्हतं. ज्यांचे डाय आमच्याकडे येत त्यांच्या ऑर्डरी थांबल्या होत्या, आणि त्यांच्या गिऱ्हाइकांच्याही. वाहनांची विक्री जवळपास शून्यावर आल्याची बातमी मीच वरच्या खोलीत बसून सोडली होती. विजेचं बिल मात्र येत होतं.

दादा रोज एकदा जिन्यात उभा राहून विचारायचा, "मंदी आली म्हणायची की नाही?"

मी सांगायची की आमच्याकडे नियम आहे. सलग दोन तिमाहींत घट झाली की मंदी लिहायचं. तोपर्यंत घसरण.

"तुझ्या दोन तिमाह्या होईपर्यंत माझं मीठ दगड होतंय."

"असू दे की," वहिनी आतून म्हणायची. "वन्सं तेव्हा बातमी देतील. घसरणीनंतर दगड."

भाषणाची बातमी सकाळीच आली. पंतप्रधान रात्री आठला बोलणार. विषय जाहीर झाला नव्हता, पण उद्योगांसाठी काहीतरी येणार अशी चर्चा होती. आमच्या डेस्कवर चर्चा बातमीत जात नाही. घरात मात्र दुपारच्या जेवणाला तोच विषय होता.

भाकरी मोडता मोडता दादाने त्याचं ठरलेलं सांगितलं. "आजचं भाषण ऐकायचं. लहान कारखान्यांना काही निघालं तर भट्टी ठेवू. नाही तर उद्या सकाळी कॉइल टाकायची. अण्णा, तुम्हाला गावाकडे सोडायची सोय मी करतो."

अण्णाने ताटातून मान वर केली नाही. "भिंत?"

"बघू."

"बघू म्हणजे गेली," अण्णा म्हणाला आणि आमटी मागितली.

टीव्ही वर होता. पण भट्टीजवळ कोणीतरी हवं होतं, आणि अण्णाला एकट्याला खाली ठेवून आम्ही वर बसणं दादाला बरं वाटेना. म्हणून माझा फोन खाली नेला आणि वहिनीच्या यंत्राला टेकवून ठेवला. चार स्टुलं मांडली. अण्णा त्या वेळी झाकण अर्धं सरकवून लांब दांड्याच्या झाऱ्याने मिठावरची मळी काढत होता. आठ वाजले तसा त्याने झारा टेकवला, हात पुसले आणि येऊन बसला. त्याला हिंदी कळायची, पण सरकारी हिंदी नाही. मधूनमधून मी त्याला सांगायचं असं ठरलं.

भाषण सुरू झालं आणि काही ऐकू येईना. भट्टीवर धूर ओढणारा पंखा होता, त्याची घरघर. शिवाय ट्रान्सफॉर्मरचा एकसुरी गुंजारव, जो आम्हाला एरवी जाणवतही नसे. दादाने उठून पंखा बंद केला. गुंजारव उरला. फोनमधला आवाज त्यात बुडत होता.

"वर जाऊन टीव्हीवर बघा म्हटलं तर नको," वहिनी म्हणाली.

"थांब की." दादाने भट्टीचा मुख्य स्विच पाडला. शेडमध्ये शांतता झाली. मार्चपासून पहिल्यांदा. "एवढ्या वेळात काही होत नाही. झाकण आहे."

आमच्याकडची रीत अशी की वीज एकाने बंद करायची आणि झाकण दुसऱ्याने ओढायचं, कारण झाकण जड आणि स्विच लांब. दादाने स्विच पाडला, म्हणजे झाकण अण्णाचं. अण्णाच्या हिशेबाने त्याने मळी काढणं अर्ध्यात सोडलं होतं आणि काम अर्ध्यात असताना झाकण ओढत नाहीत. तो लगेच परत जाणार होता. झाकण अर्धं उघडंच राहिलं, आणि आम्हा चौघांचीही पाठ त्याच्याकडे होती.

पंतप्रधान आधी साथीबद्दल बोलले. मग आत्मनिर्भरतेबद्दल. सुरुवातीला पीपीई किट देशात बनत नव्हते आणि एन-९५ मास्क नावापुरते बनत होते, आता दोन्ही रोज लाखांनी बनतात, असं त्यांनी सांगितलं. मास्कचा उल्लेख आला तशी वहिनीने दादाच्या गुडघ्याला थाप मारली.

"तो पीण्यावाला. मास्कच्या मशीनचा."

"चार रोलर घेऊन आला होता," दादा म्हणाला. "चार रोलरसाठी भट्टी चढवू काय?"

पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतला एक जण मास्क तयार करणारी यंत्रं बनवायला लागला होता. कापडाचे थर चिकटवणारा नक्षीचा रोलर आतापर्यंत बाहेरून यायचा, आता येत नव्हता. त्याने तो इथेच कातून घेतला होता आणि कडक करायला दादाकडे आणला होता. दादाने एप्रिलअखेर त्याला परत पाठवलं. भट्टी नुसती गरम ठेवणं वेगळं आणि कामाच्या तापमानाला चढवणं वेगळं. चढवायला वीज फार लागते आणि दिवस जातो. पुरेसं काम समोर असल्याशिवाय भट्टी चढवायची नाही, हा दादाचा नियम होता.

भाषण पुढे गेलं. जुन्या भूकंपातून एक प्रदेश कसा उभा राहिला ते आलं. अर्थव्यवस्थेचे खांब मोजून झाले. मी अण्णाला थोडक्यात सांगत होते. मग पॅकेजचा आकडा आला.

"किती?" अण्णाने विचारलं.

मी सांगितला.

त्याने थोडा विचार केला. "त्यात शून्यं किती?"

"मला लिहून बघावं लागेल."

"मग राहू दे."

लघुउद्योगांचं नाव आलं तेव्हा दादा पुढे वाकला. कुटीर, लघु, मध्यम उद्योग, मजूर, शेतकरी, मध्यमवर्ग, सगळ्यांसाठी पॅकेज असल्याचं पंतप्रधानांनी सांगितलं. तपशील उद्यापासून अर्थमंत्री देतील, असंही. त्यानंतर स्थानिक माल घेण्याचं आवाहन झालं. भाषण अर्ध्या तासाहून थोडं अधिक चाललं.

मी फोन उचलला. वहिनी म्हणाली, "झालं? भट्टीचं काय ते नाही सांगितलं."

"उद्या तपशील येणार," मी म्हणाले. "उद्या दुपारी माझीच शिफ्ट आहे."

"म्हणजे आज काही निघालं नाही," दादा म्हणाला.

"नाव तर घेतलं की लहान उद्योगांचं," अण्णा म्हणाला.

"नाव माझंही गल्लीत सगळे घेतात."

"ते बिलासाठी घेतात," वहिनी म्हणाली.

यावरून वाद सुरू झाला. दादाचं म्हणणं, तपशील म्हणजे कर्ज असणार आणि कर्जाने ऑर्डर येत नाहीत. अण्णाचं म्हणणं, देशाचा मोठा माणूस रात्री बसून आपल्या धंद्याचं नाव घेतो, तर दोन दिवस थांबायला काय जातं. वहिनीचं म्हणणं, दोघांनीही आधी जेवावं. सकाळी कॉइल टाकायची की नाही, हा प्रश्न पुन्हा पुन्हा येत होता. दादा म्हणत होता टाकू, अण्णा म्हणत होता स्वल्प थांबा. कॉइल त्यांच्या डोक्यावरच भिंतीला टांगलेली होती, सुकलेल्या झेंडूंसकट. या सगळ्यात भट्टी बंदच होती.

लक्षात आलं ते दादाच्या. तो कॉइलकडे हात करून काहीतरी सांगत होता आणि थांबला. भट्टीचा उजेड रोज त्या भिंतीवर पडायचा आणि माळेची पिवळी फुलं नारिंगी दिसायची. आता फुलं राखाडी दिसत होती.

तो वळला. अण्णाही वळला. भांड्याच्या उघड्या अर्ध्या भागात मीठ लालसर काळं झालं होतं आणि वर साय धरली होती. अण्णाने झारा उचलून कडेला टेकवला. खणकन आवाज आला.

"झाकण," दादा म्हणाला.

"तुम्ही वीज पाडली, मला वाटलं..."

"मला वाटलं तुम्ही."

"नंतर वाटून घ्या," वहिनी म्हणाली. "आत पातळ आहे का बघा."

दादा स्विचकडे गेला, पण त्याने तो दाबला नाही. याचं कारण त्याने मला नंतर समजावलं. वर कवच आणि खाली पातळ मीठ असताना वीज दिली तर खालचं मीठ तापून फुगतं. त्याला वाट मिळाली नाही की कवच फोडून ते बाहेर उसळतं. आधी कवचाला भोक पाडायचं. भोक पाडणारी सळई कोरडी हवी, कारण सळईवर थेंबभर ओल असली तरी मीठ तिथून उडतं. म्हणून सळई आधी तापवायची.

अण्णाने गॅसचा बर्नर पेटवला आणि सळई त्यावर धरली. दादाने चेहऱ्यावरची जाळी आणि हातमोजे चढवले, आम्हाला दोघींना मागच्या दारापाशी उभं केलं. मग तो भिंतीकडे गेला आणि कॉइल काढली.

अण्णा म्हणाला, "आत्ताच टाकता?"

"मीठ धरलं तर कॉइल बाहेर काढू. नाही धरलं तर आत असलेली बरी."

हा निर्णय दुपारच्या जेवणाला घेतलेल्या निर्णयापेक्षा वेगळा होता. तेव्हा कॉइल टाकणं म्हणजे भट्टी बंद करणं होतं. आता ती हातात घेऊन दादा भट्टी वाचवायला निघाला होता.

वहिनी पुढे झाली आणि कॉइलवरची माळ तोडून काढली. "फुलं घालू नका आत," ती म्हणाली. कॉइलही बर्नरवर फिरवून कोरडी केली. कुंकवाचा डाग जळून काळा झाला.

अण्णाने कवचात पहिलं भोक उघड्या बाजूला पाडलं. सळई आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा टोकाला नारिंगी मीठ चिकटलेलं होतं. खाली पातळ होतं. त्याने भोक मोठं केलं, कवचाचे तुकडे झाऱ्याने बाहेर ओढले. कॉइल जाईल एवढी वाट झाली तेव्हा दादाने ती दोन चिमट्यांनी धरून सोडली. ती अर्धी गेली आणि अडकली. अण्णाने सळईने दाबली. ती बसली.

दोघे मागे आले. दादाने वीज सगळ्यात खालच्या टप्प्यावर दिली. ट्रान्सफॉर्मर गुंजारला. आम्ही चौघे मीटरच्या काट्याकडे बघत होतो. काटा शून्यावर राहिला, मग किंचित उचलला, परत पडला. दादाने टप्पा एकाने वाढवला. या वेळी काटा वर गेला आणि तिथेच थरथरत थांबला.

"धरलं," अण्णा म्हणाला.

दादाने जाळी वर केली. "झाकण ओढा."

"वीज तुम्ही चालू केली," अण्णा म्हणाला. "झाकण माझंच." आणि त्याने ते ओढलं.

झाकण ओढण्याआधीच कॉइल चिमट्याने काढून घेतली होती. कवच भोकाच्या कडेने आत विरघळायला लागलं होतं, पण अर्धवट ताप देऊन ते पूर्ण जाईना. भांड्याच्या कोपऱ्यांत जाड गोळे राहिले असते. ते वितळवायला भट्टी कामाच्या तापमानाला चढवणं भाग होतं. काम नसताना भट्टी चढवायची नाही हा नियम दादाने त्या दिवशी मोडला, कारण दुसरा इलाज नव्हता. अण्णा पहिल्या पाळीला बसला. वहिनी जेवण खाली घेऊन आली.

ताट हातात घेऊन दादा म्हणाला, "आता चढवलीच आहे तर."

त्याने पीण्यावाल्याला फोन लावला. आम्हाला एकच बाजू ऐकू येत होती.

"ते रोलर अजून आहेत काय? ... सकाळी आणा. ... होय, भट्टी चढवली आहे. ... नाही हो, तुमच्यासाठीच नव्हे. ... बरं, तुमच्यासाठीच समजा."

सकाळी रोलर आले. चारच्या जागी नऊ. मधल्या काळात त्याची आणखी यंत्रं ठरली होती. दादाने एक रोलर आधी करून बघितला. वहिनीने तो यंत्राखाली ठेवला, तीन ठिकाणी मोजला आणि खडूने खूण केली. मग बाकीचे आठ भट्टीत गेले.

त्या दुपारी अर्थमंत्र्यांची पत्रकार परिषद झाली. मी वरच्या खोलीत ओळींमागून ओळी सोडत होते. लघुउद्योगांना तारणाशिवाय कर्ज, सरकारची हमी, पहिलं वर्ष मुद्दल फेडण्यातून सूट. लघुउद्योगाची व्याख्या बदलली. एका मर्यादेपर्यंतच्या सरकारी खरेदीसाठी जागतिक निविदा नाहीत. दादा जिन्यात उभा होता. हात काळे, गळ्यात जाळी.

"निघालं काय?"

मी त्याला मुद्दे सांगितले, जाहीर झाले तेवढेच.

"कर्जच की."

"कर्ज. हमी सरकारची."

"ऑर्डर?"

"त्याबद्दल काही जाहीर झालेलं नाही."

खालून वहिनीचा आवाज आला. "भाषण ऐकायला भट्टी विझवली, आता कर्ज काढून पेटवा."

दादा हसला आणि खाली गेला. त्या दिवशी त्याने कर्जाचं काही ठरवलं नाही. सकाळी कॉइल टाकण्याचाही विषय कोणी काढला नाही. ती आपल्या खिळ्यावर परत गेली होती, माळेशिवाय.

पीण्यावाल्याचे रोलर जूनभर येत राहिले. त्याच्याकडून ऐकून आणखी दोघे आले. एक मास्कच्या यंत्राचाच, दुसरा सॅनिटायझरच्या बाटल्यांचे साचे करणारा. जुलैत पुन्हा आठवडाभर शहर बंद झालं तेव्हाही भट्टी चालू राहिली, या वेळी कामासह. गावी गेलेली पोरं एकेक करून परतली. आदल्या वर्षीच्या मानाने काम निम्मंही नव्हतं, पण भट्टी चढवायला पुरेल एवढं होतं. वाहनांच्या सुट्या भागांचे डाय पावसाळा सरता सरता परत यायला लागले.

बँकेचा फोन आपणहून आला. दादाने चौकशी केली, दोनदा नाही म्हणाला, तिसऱ्यांदा हो म्हणाला. कर्जाचं काय करायचं हे त्याने आधी ठरवलं होतं. पगार आणि वीज भट्टीच्या कमाईतून, कर्ज फक्त नव्या भांड्यासाठी.

ऑगस्टअखेर राष्ट्रीय उत्पन्नाचे अधिकृत आकडे आले. एप्रिल ते जून या तिमाहीत उत्पन्न आदल्या वर्षीच्या तुलनेत जवळजवळ एक चतुर्थांश घटलं होतं. ती बातमी आमच्या डेस्कने सोडली. मंदी हा शब्द तेव्हाही लिहिला नाही, कारण ती एकच तिमाही होती.

आयुधपूजेच्या आदल्या दिवशी दादाने मीठ पातळ असताना कॉइल सोडली, अण्णाने झाकण ओढलं आणि मग वीज बंद झाली. क्रम वहिनीने दोघांकडून मोठ्याने म्हणवून घेतला. भांडं थंड झालं तेव्हा तड्याची भिंत आतल्या बाजूला झुकलेली निघाली. मीठ फोडताना ती पडली. कोइमतूरचा गवंडी तोपर्यंत येऊन पोचला होता. त्याने जुन्या विटा उपसल्या आणि नवं भांडं बांधलं. विटा वाळेपर्यंत अण्णा विजापूरला जाऊन आला, मार्चनंतर पहिल्यांदा. येताना त्याने ज्वारीच्या पिठाची पिशवी आणली आणि झेंडूची नवी माळ.

नोव्हेंबरच्या अखेरीस दुसऱ्या तिमाहीचे आकडे आले. पुन्हा घट, पहिल्यापेक्षा कमी. आमच्या डेस्कने त्या संध्याकाळी शीर्षकात मंदी हा शब्द घेतला. मी तेव्हा कोरमंगलात नव्या खोलीवर राहत होते. तिथून दादाला फोन केला.

"दोन तिमाह्या झाल्या," मी म्हणाले. "अधिकृत आहे."

"थांब, ऐकू येत नाही," तो म्हणाला. "पंखा चालू आहे. बाहेर जाऊन बोलतो."

तो दाराबाहेर आला. मागे ट्रान्सफॉर्मरचा गुंजारव येत होता. त्या दिवशी नव्या भांड्यातून दोन खेपा निघाल्या होत्या, आणि वहिनीने दोन्ही मोजून पास केल्या होत्या.